बाग कोणामुळे सुटली?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर, वाचकांसाठी किंचित विस्ताराने.)



भाषणाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. समारंभ आपल्या संस्थेचा, समोर बसलेले बहुतेक आपलेच समाजबांधव, आणि विषय मात्र ख्रिस्ती कलेतील व धर्मविचारातील मानवाच्या पतनाचा! बोलणारा तरी कोणी आलिम असावा, तर तसेही नाही. मी बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास आणि मराठी शिकविणारा एक शिक्षक. तेव्हा दीनच्या बाबतीत मी जे बोलेन ते कुरआन शरीफचे मराठी व उर्दू तर्जुमे वाचून जेवढे समजले तेवढेच. चुकले तर जाणकारांनी कान धरावा.

हा विषय मी निवडला याला कारण एका मुलाचे एक वाक्य. नववीच्या वर्गात युरोपातील प्रबोधनकाळ शिकवीत होतो. मायकेलअँजेलोचे नाव आले. रोमच्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर त्याने आदम-हव्वाची कथा रंगविली आहे, एवढेच मी बोललो असेन. तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, बाईने सफरचंद खायला लावलं म्हणून तर आपण जन्नतमधून खाली आलो!" मुलगे हसले. मुली हसल्या नाहीत. दोघीतिघींनी मान खाली घातली. मी "शांत बसा" म्हटले आणि धडा पुढे नेला.

घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या वाक्यात दोन गोष्टी आहेत, सफरचंद आणि बाईचा दोष. दोन्ही कुरआनात नाहीत. मग अंजुमनच्या मदरशात सिपारे पढून आलेल्या आमच्या मुलाच्या तोंडी त्या आल्या कोठून? हे शोधता शोधता मी बराच लांब गेलो, आणि जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

आधी एक खुलासा. मी चित्रांविषयी बोलणार आहे, पण चित्र एकही आणलेले नाही. हजरत आदम (अ.) आपल्यासाठी नबी आहेत आणि नबींच्या तसबिरी आपण लावीत नाही, शिवाय ही चित्रे बहुधा वस्त्रांवाचून आहेत. त्यामुळे तोंडी वर्णनावरच भागवून घ्या. (इराणात सोळाव्या शतकात शकुन पाहण्याच्या ग्रंथासाठी मुस्लिम चित्रकारांनी हाच प्रसंग काढला आहे, त्यात दोघे जन्नतमधून निघतात ते एक सापावर आणि एक मोरावर बसून. पण तो निराळा विषय.) माझे एक ख्रिस्ती सहकारी आहेत, वसईकडचे. त्यांनी मला चित्रांचे एक जाडजूड पुस्तक आणि मराठी बायबल अशी दोन्ही वाचायला दिली. त्यांचा उल्लेख पुढेही येईल.

मराठी बायबलात पहिल्या पुस्तकाचे नाव 'उत्पत्ती'. त्याच्या तिसऱ्या अध्यायात ही कथा आहे. नावेही ओळखीचीच, आदाम आणि हव्वा. एदेन बागेतील एका झाडाचे, बऱ्यावाईटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे फळ खाऊ नये अशी आज्ञा असते. सर्प हव्वेला फूस लावतो, ती खाते, नवऱ्यालाही देते, तोही खातो. दोघांना आपण नग्न आहोत हे कळते, अंजिराची पाने शिवून ती अंग झाकतात. देव विचारतो तेव्हा आदाम बोट दाखवितो हव्वेकडे, हव्वा दाखविते सर्पाकडे. मग दोघांची बागेतून रवानगी होते.

फळ कोणते ते तेथे लिहिलेलेच नाही! 'पतन' हा शब्दसुद्धा त्या अध्यायात नाही. यहुदी लोक हाच ग्रंथ मानतात, पण त्या प्रसंगापासून सर्व मानवजात जन्मतः पापी झाली असे त्यांच्या धर्मात मानीत नाहीत. म्हणजे कथा तीच, तिच्यावरून काढलेले अर्थ मात्र निरनिराळे.

फळाची गोष्ट आधी संपवून टाकू, कारण ती गमतीची आहे. यहुदी पंडितांत कोणी अंजीर म्हणे, कोणी द्राक्ष, कोणी गहू. १४३२ साली पुऱ्या झालेल्या बेल्जियममधील गेंट शहराच्या प्रसिद्ध वेदीचित्रात यान व्हान आइकने हव्वेच्या हातात लिंबाच्या जातीचे खरबरीत फळ दिले आहे. मायकेलअँजेलोचे झाड अंजिराचे. मग सफरचंद कोठून? बरीच वर्षे विद्वान सांगत की लॅटिन भाषेत 'वाईट' आणि 'सफरचंद' हे शब्द लिहायला सारखेच, त्या श्लेषातून ते आले. २०२२ मध्ये एका अमेरिकन अभ्यासकाने पुस्तक लिहून वेगळे मत मांडले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सफरचंद बाराव्या शतकातल्या फ्रान्समधील चित्रांत प्रथम रुजले. जुन्या फ्रेंचमध्ये ज्या शब्दाचा अर्थ नुसते 'फळ' होता त्याचा अर्थ आकसून 'सफरचंद' झाला, आणि चित्रकारांनी ऐकले तसे काढले. मराठीच्या विद्यार्थ्यांना यात अवघड काही नाही. संस्कृतात 'मृग' म्हणजे आधी कोणताही रानातला पशू. आपल्याकडे उरले ते हरीण.

आणि आपल्याकडे? माझी नानी सांगायची की ते फळ नव्हतेच, गव्हाचा दाणा होता. ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. आम्ही खाडीकाठची भात खाणारी माणसे. गहू घरात यायचा तो ईदला नाहीतर पाहुण्यांसाठी. त्यामुळे लहानपणी मला वाटे की आपण या प्रकरणात तसे सुरक्षितच आहोत. कुरआनात फक्त 'झाड' आहे, सफरचंद नाही आणि गहूही नाही, हे मला पुष्कळ उशिरा समजले. असो.

आता दुसरी गोष्ट, बाईचा दोष. ही मात्र गमतीची नाही.

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या दोनतीन शतकांतच काही धर्मपंडितांनी हव्वेवर सगळा भार टाकावयास सुरुवात केली होती. इ.स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे तर्तुलियन नावाचा मोठा लेखक होऊन गेला. बायकांच्या पोशाखावर लिहिताना त्याने प्रत्येक स्त्रीलाच हव्वा ठरविले आणि सैतान आत शिरतो ते दार तीच, असे सुनावले. पुढे बाराव्या शतकात फ्रान्समधल्या पीटर कोमेस्तोर या पंडिताच्या ग्रंथामुळे एक विचित्र कल्पना पसरली, ती अशी की सर्पाचे तोंड तरुण स्त्रीचे होते, कारण सारख्याला सारखे भावते. चित्रकारांना हे फारच सोयीचे पडले. फ्लॉरेन्स शहरात सांता मारिया देल कार्मिने या चर्चमध्ये ब्रांकाची कुटुंबाचे एक लहान प्रार्थनास्थान आहे. तेथे १४२५ च्या सुमारास मासोलिनो या चित्रकाराने आदाम-हव्वा झाडाखाली उभी असलेली दाखविली आहेत. वर फांदीवर साप, आणि सापाचे डोके सोनेरी केसांच्या बाईचे! मायकेलअँजेलोच्या छतावरही (ते काम १५०८ ते १५१२ या काळातले) झाडाला विळखा घातलेला सर्प कमरेपासून वर स्त्रीच आहे.

विचार करा, की जो शेतकरी, जो लोहार अक्षर ओळखत नव्हता तो दर रविवारी हेच पाहात होता. त्याला ग्रंथ वाचता येत नव्हता, भिंत वाचता येत होती. भिंत सांगत होती, फूस लावणारी बाई आणि फशी पडणारीही बाईच. पुरुष बिचारा मध्ये सापडला.

पण मायकेलअँजेलोच्या त्या चित्राकडे नीट पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला माझ्या सहकाऱ्यांनी दाखविली. हव्वा बसलेली आहे, मागे हात करून सर्पाकडून फळ घेते आहे. आदाम मात्र तिच्याकडून घेत नाही. तो उभा राहून, फांदी धरून, स्वतःचा हात झाडात घालतो आहे. कोणी दिले म्हणून त्याने खाल्ले असे ते चित्र म्हणतच नाही. पाचशे वर्षे तो हात तेथे, वीस मीटर उंचीवर, सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. पण ज्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते त्याला तो दिसत नाही.

आणि मुलींनो, तुमच्यासाठी मुद्दाम एक नाव सांगतो, लिहून ठेवा. इसोत्ता नोगारोला. इटलीतील व्हेरोना शहराची ही विदुषी. मुलींना लॅटिन शिकविणे त्या काळी दुर्मीळ होते. हिला घरी शिक्षक ठेवून ते शिकविण्यात आले. १४५१ साली तिने फोस्कारीनी या व्हेनिसच्या विद्वान सरदाराबरोबर एक वाद लेखी चालविला. विषय, आदामाचे पाप मोठे की हव्वेचे? इसोत्ताने हव्वेची बाजू घेतली. ती म्हणाली की झाडाचे फळ खाऊ नये ही आज्ञा देवाने आदामाला दिली होती. तेव्हा हव्वा निर्माणही झालेली नव्हती. (उत्पत्तीचा दुसरा अध्याय काढून मी स्वतः पाहिले; क्रम तसाच आहे.) ज्याला आज्ञा थेट मिळाली आणि ज्याला तुम्ही अधिक शहाणा म्हणता, त्याचा गुन्हा अधिक नव्हे काय? मुद्दा बिनतोड आहे. पण वाईट वाटते ते पुढे. हव्वेचा बचाव करण्यासाठी तिला हेही कबूल करावे लागले की स्त्री मुळात दुर्बळ आणि अज्ञानी, म्हणून तिला माफी. एवढी शिकलेली बाई, तिलासुद्धा बाईला सोडवायचे तर आधी बाई कमअक्कल आहे अशी सही करून द्यावी लागली! कोर्टात जामीन मिळावा म्हणून आरोपी वेडा असल्याचे सांगतात, तसाच हा प्रकार.

आतापर्यंत दोष आदाम-हव्वेच्या दोघांतच फिरत होता. तो त्यांच्या मुलांवर, नातवंडांवर, म्हणजे तुमच्या आमच्यावर कसा आला? येथे एका फार मोठ्या माणसाचे नाव घ्यावे लागते, ते म्हणजे संत ऑगस्टीन. जन्म ३५४, मृत्यू ४३०. हा युरोपियन असावा असे आपल्याला वाटते, पण तो आजच्या अल्जीरियातला. आपल्या आत्मकथनात त्याने सोळाव्या वर्षीची एक चोरी सांगितली आहे. मित्रांबरोबर रात्री शेजारच्या बागेतील नासपती तोडल्या. भूक नव्हती, घरी याहून चांगल्या नासपती होत्या. तोडून बहुतेक डुकरांपुढे टाकल्या. हे वाचताना आपल्यापैकी ज्यांनी दुसऱ्याच्या कैऱ्या पाडल्या आहेत त्यांना हसू येईल. ऑगस्टीनला आले नाही. आपण हे का केले, याचा तो पानेच्या पाने विचार करतो, आणि शेवटी त्याला दिसते की वाईट गोष्ट ती वाईट होती म्हणूनच आपल्याला आवडली. माणसाच्या मुळातच काही बिघडलेले आहे.

हे निरीक्षण खोटे आहे असे कोणता शिक्षक म्हणेल? वीस मिनिटांची मधली सुट्टी पाहिलेल्या माणसाला ऑगस्टीन पटतो. अडचण त्याच्या पुढच्या पावलात आहे. तो म्हणाला की हा बिघाड आदामापासून वारसाने येतो, आणि नुसता बिघाड नव्हे, दोषही येतो. बाप्तिस्मा न होता मेलेले तान्हे मूलही त्यातून सुटत नाही, जरी त्याची शिक्षा सर्वांत सौम्य असली तरी. पौलाच्या पत्रातील एका वाक्याचा लॅटिन तर्जुमा असा झाला होता की सर्वांनी आदामा'मध्ये' पाप केले. मूळ ग्रीकचा अर्थ 'कारण सर्वांनी पाप केले' असा होतो, असे आता बहुतेक अभ्यासक म्हणतात. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडील चर्चनी मृत्यूचा वारसा मानला, पण दोषाचा नाही. भाषांतरातील एका अव्ययाने केवढे अंतर पडले पाहा! (माझ्या व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) ब्रिटनकडून आलेला पेलागियस नावाचा साधू म्हणत होता की पाप वारशाने येत नाही, अनुकरणाने येते, चांगले वागणे माणसाच्या हातात आहे. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने त्या मताचा निषेध केला आणि पश्चिम युरोपात ऑगस्टीनचा विचार मुख्य झाला. तान्ह्या मुलांचा प्रश्न मात्र ख्रिस्ती मनाला सतत टोचत राहिला. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार आहे असे म्हटले. सोळाशे वर्षांनी का होईना, पण प्रश्न सोडून दिला नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगेन.

आता मला सर्वांत आवडलेल्या कामाकडे येतो. ते रंगाचे नाही, कांस्याचे आहे. जर्मनीत हिल्डेसहाइम या गावी बिशप बर्नवर्ड याने १०१५ साली ओतवून घेतलेले दोन दरवाजे आहेत. प्रत्येक दार एकसंध ओतलेले, उंची माणसाच्या अडीच पटींहून जास्त. दुसऱ्या महायुद्धात १९४५ साली तेथील कॅथीड्रल बॉम्बहल्ल्यात पडले; दारे आधीच हलविली होती म्हणून वाचली. डाव्या दारावर वरून खाली आठ चौकटींत आदामाची कथा आहे. त्यातील एका चौकटीत देव जाब विचारतो आहे. देवाचे बोट आदामाकडे. आदाम लाजेने वाकलेला, एका हाताने अंग झाकलेले, दुसऱ्या हाताचे बोट हव्वेकडे. हव्वाही वाकलेली, तिचे बोट खाली जमिनीवरच्या सर्पाकडे. बस्स, एवढेच. एक बोट, दुसरे बोट, तिसरे बोट. ज्या कारागिराने हे घडविले त्याचे नाव कोणाला माहीत नाही. पण त्याने माणसे पाहिली होती. खाणे ही चूक झाली, ती सगळेच करतात. हे बोट दाखविणे म्हणजे खरे पडणे, असे मला तरी ती चौकट पाहून वाटले.

मी हे उत्साहाने सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, तुम्ही एकच दार पाहिलंत. उजवं पाहा." उजव्या दारावर ख्रिस्ताची, आपण ज्यांना हजरत ईसा (अ.) म्हणतो त्यांची, कथा खालून वर चढत जाते. डावे दार उतरते, उजवे चढते. त्यांनी हेही सांगितले की ईस्टरच्या आदल्या रात्री मोठी मेणबत्ती पेटवून जे स्तवन गातात त्यात आदामाच्या अपराधाला चक्क भाग्याचा म्हटले आहे, कारण त्यामुळेच तारणारा आला. पतन हे त्यांच्याकडे अर्धेच वाक्य आहे, पुढचे अर्धे न ऐकता आपण मत बनवू नये, असा त्यांचा आग्रह. मला तो रास्त वाटतो. तारणाचा तो मार्ग आपण मानीत नाही, ही गोष्ट वेगळी. पण दुसऱ्याचा विचार पुरा ऐकून मग आपला सांगावा.

अशीच एक चौकट आणखी. मासोलिनोच्या त्या बाईमुखी सापाच्या चित्रासमोरच, त्याच प्रार्थनास्थानात, मासाच्चोने बागेतून हाकललेली दोघे काढली आहेत. मासोलिनोची माणसे शांत, देखणी, काही घडलेच नाही अशी. मासाच्चोची माणसे रडत चालतात. आदामाने दोन्ही हातांनी तोंड झाकले आहे, हव्वेचे तोंड आकाशाकडे, उघडे. तो आक्रोश कानाला ऐकू येतो. येथे कोणी कोणाकडे बोट दाखवीत नाही. दोघांचे दुःख सारखे, दोघांची पावले बरोबर. हे काढले तेव्हा मासाच्चो पंचविशीच्या आतबाहेरचा होता. १४२८ साली, सत्तावीस वर्षांचाही पुरता झालेला नसताना, तो वारला. १६८० च्या सुमारास कोणा सोवळ्या मंडळींनी त्या दोघांच्या कमरेवर पाने रंगवून घेतली. १९८० च्या दशकात भिंत साफ करताना ती काढून टाकण्यात आली. पुढे १६६७ मध्ये अंध मिल्टनने इंग्रजीत हीच कथा महाकाव्यात सांगितली. त्यात पतनानंतर नवरा-बायको एकमेकांना पुष्कळ बोलतात, आणि ते बोट दाखविणे आधी थांबविते ती हव्वा. सारी शिक्षा माझ्यावर येऊ दे असे ती म्हणते. आपल्या मराठीतही ही कथा जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने गोव्यात ओवीछंदात 'ख्रिस्तपुराण' लिहिले, ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात आदामाची कथा आली आहे.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. सूरह बकरा, सूरह आराफ आणि सूरह ताहा, या तीन ठिकाणी मी तर्जुमा काळजीपूर्वक वाचला. झाडाला नाव नाही. हजरत हव्वा (अ.) यांचेही नाव कुरआनात नाही, 'आदमची जोडीदार' एवढेच आहे. वसवसा, म्हणजे सैतानाची कुजबूज, एके ठिकाणी दोघांना झाली म्हटले आहे. सूरह ताहामध्ये तर ती आदमला झाली असे आहे. बाईने भुलविले असे कोठेच नाही. खाल्ले दोघांनी, पाने लावून अंग झाकले दोघांनी, आणि जाब विचारला गेल्यावर सूरह आराफमध्ये उत्तर दिले तेही दोघांनी मिळून. आशय असा की आम्ही आमच्यावरच जुलूम केला, तू माफ केले नाहीस तर आम्ही बुडालो. बोट कोणाकडे नाही. त्याच सूरहमध्ये बोट दाखविणारा एकच आहे, तो इब्लीस. तो अल्लाहलाच म्हणतो की तू मला वाट चुकविलीस! आणि मग तौबा कबूल होते. म्हणजे वारसाने पुढे जाण्यासाठी दोष उरतच नाही. शिवाय माणसाला जमिनीवर खलीफा करायचे हे सूरह बकरामध्ये आधीच ठरलेले आहे. एकाचे ओझे दुसऱ्यावर टाकले जाणार नाही, हा आशय कुरआनात पाच ठिकाणी आला आहे.

हे वाचून मला, खोटे कशाला सांगू, अभिमान वाटला. वर्गात जाऊन त्या मागच्या बाकावरच्या मुलाला सुनावण्याची तयारीही केली. ते सफरचंद आणि ती बाई दुसऱ्यांच्या चित्रांतून आणि सिनेमांतून आली असे सांगणार होतो. पण तेही पूर्ण खरे नव्हते. आपल्याच जुन्या ग्रंथांत, तबरीसारख्या थोर इतिहासकाराच्या लिखाणातसुद्धा, हजरत हव्वांवर दोष ठेवणाऱ्या कथा नोंदलेल्या आहेत. पूर्वीच्या लोकांकडून ऐकलेले अशा अर्थाने आलिम ज्यांना इस्राईलियात म्हणतात त्यांत अशा पुष्कळ कथा मोडतात. रिवायतींतले सबळ काय, दुर्बळ काय, हा वाद सोडविण्याचा अधिकार माझा नाही. मी एवढेच पाहिले की आपण हे बाहेरून आले म्हणून बोट दाखवू लागलो तर आपलीही त्या दारावर एक चौकट होते.

आणि माझी चौकट तर तयारच होती. ते सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होत नाही.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत वर्गशिक्षक होतो. गाव, शाळा, नाव काही सांगणार नाही. नववीत एक मुलगी होती. हुशार म्हणजे गणितात पहिली, निबंध असा लिही की मी इतर वर्गांत वाचून दाखवी. तिची मोठी बहीण कॉलेजात असताना घरच्यांच्या मर्जीविरुद्ध निकाह करून गेली. पंधरा दिवसांत वडील धाकटीचा दाखला न्यायला शाळेत आले. माणूस वाईट नव्हता. डोळे सुजलेले होते. ते म्हणाले, "मास्तर, माझं काही नाही, जमातीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही." जमातीतल्या एका बुजुर्गांशी मी बोललो, ते म्हणाले, "हा बापाचा निर्णय, आम्ही कोण?" मुख्याध्यापक म्हणाले, "पालकांनी अर्ज दिला तर आपण अडवू शकत नाही." मी म्हणालो की मुख्याध्यापकांनी ठरविले तर वर्गशिक्षक काय करणार? आणि तिची आई, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "मोठीमुळे झालं सगळं."

दाखल्याचा मजकूर माझ्या अक्षरात आहे. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिले, 'पालकांच्या विनंतीवरून.' वर्तणूक, 'चांगली.'

त्या वेळी मला हिल्डेसहाइमचे नावही ठाऊक नव्हते. बहिणीने केले आणि बहिणीने भोगले. मूळ पापाचा वारसा आपल्यात नाही असे आपण म्हणतो, आणि त्या कार्यालयात आम्ही पाचसहा कलमा पढणारी माणसे एका चौदा वर्षांच्या मुलीला तो रीतसर शिक्का मारून देत होतो. त्या मुलीने मात्र कोणाकडे बोट दाखविले नाही. निघताना तिने ग्रंथालयाचे पुस्तक परत केले आणि विचारले, "सर, पावती लागेल का?"

मागच्या वर्षी मी त्या घरी गेलो. दहावीला बाहेरून बसता येते, त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, हे सांगायला. तिला ते माहीत होते. मला उशीर झाला होता एवढेच. वडिलांनी चहा दिला, माझे सगळे ऐकून घेतले, हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मग मी त्यांना मोठ्या मुलीची खुशाली विचारली. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तिला मुलगा झालाय म्हणतात. आम्ही पाहिला नाही अजून." आतून धाकटीचा आवाज आला, "मी पाहिलाय." घरात एकदम शांत झाले. वडील उठून आत गेले. मला वाटले आता बोलणी बसणार. पण थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि फॉर्मला कागदपत्रे काय काय लागतात ते त्यांनी मला पुन्हा, पहिल्यापासून सांगायला लावले.

या वर्षी ती परीक्षेला बसली आहे. निकाल अजून लागावयाचा आहे.

माझी वेळ संपली. हे चित्रांचे पुस्तक सहकाऱ्यांनी माझ्याजवळ आणखी महिनाभर ठेवण्याची परवानगी दिली आहे. ज्या पालकांना किंवा वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना ते पाहावयाचे असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकखोलीत यावे.